बाटलीतले रोप, डोंगरातले रोप

घराच्या गॅलरीत स्लिपर ऑर्किडची एक कुंडी ठेवायची, तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा शब्दशः अर्थ लावल्यास त्यासाठी परवाना लागतो. १९७२ च्या या कायद्यात १९९१ साली वनस्पतींसाठी वेगळे प्रकरण आले. त्याच्या यादीत अवघ्या सहा नोंदी होत्या: बेडोमचा सायकस, निळा वांडा, तांबडा वांडा, कूठ, घटपर्णी आणि पॅफिओपेडिलम हा स्लिपर ऑर्किडांचा अख्खा वंश. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली, पण या फुलांचे संरक्षण उठले नाही. जंगलातून रोप उपटणे हा गुन्हा असावा, हे कोणालाही पटेल. मात्र त्याच प्रकरणानुसार परवान्याशिवाय या झाडांची लागवडही करता येत नाही, आणि परवानाधारक विक्रेत्याखेरीज इतर कोणाकडून ती घेता येत नाहीत. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुसरीकडे समाजमाध्यमांवरच्या बागकाम गटांत हीच रोपे बिनदिक्कत फिरत असतात. घेणाऱ्याला अशी काही यादी आहे हेच ठाऊक नसते आणि विकणारा तो विषय काढत नाही. कायदा आणि हौशी माणूस दोघेही झाडाचे नाव पाहतात, ते जन्मले कुठे हे कोणीच विचारत नाही. घरात नीट वाढणारे स्लिपर ऑर्किड म्हणजे प्रयोगशाळेतल्या बाटलीत बियांपासून झालेले रोप. डोंगरातून आणलेले रोप नीतीच्या दृष्टीने वाईट आहेच, बागकामाच्या दृष्टीनेही ते वाईट आहे. हा फरक एकदा मान्य केला की कायदा कुठे सैल करायचा आणि कुठे आवळायचा, याचे उत्तर आपोआप मिळू लागते.

आधी झाड पाहू. या फुलाची खालची पाकळी चपलेच्या पुढच्या भागासारखी पोकळ असते. त्या पोकळीमुळे अनेकांचा समज होतो की हे घटपर्णीसारखे कीटक खाणारे झाड असावे. तसे नाही. कीटक घसरून आत पडतो, गुळगुळीत कडांवरून त्याला वर येता येत नाही, आणि मागच्या बाजूच्या केसाळ वाटेने बाहेर पडताना तो आधी कुक्षीला आणि मग परागपिंडाला घासून जातो. त्याला बक्षीस म्हणून काहीच मिळत नाही. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरच्या रॉथ्सचाइल्डियानम या जातीच्या फुलावर तर सिर्फिड माश्या मावा समजून अंडी घालून जातात. पण घरी वाढवणाऱ्याच्या दृष्टीने फुलापेक्षा मूळ महत्त्वाचे. डेंड्रोबियम किंवा कॅटलिया या ऑर्किडांना पाणी साठवणारे जाड खोड असते, चार दिवस विसरलात तरी ते निभावून नेते. पॅफिओपेडिलमला असे कोठार नाही. पानांचा एक पंखा, त्याच्या बुडाशी मोजकीच केसाळ मुळे, एवढाच त्याचा संसार. ही मुळे तुटली तर नवी यायला पुढच्या फुटव्याची वाट पाहावी लागते. कपारीतून ओरबाडून काढलेल्या, बोचक्यात बांधून आठवडाभर प्रवास केलेल्या रोपाची मुळे बहुतेक गेलेलीच असतात. वर पाने हिरवी दिसतात, कारण झाड आपल्याच साठ्यावर जगत असते. काही महिन्यांत पाने सुरकुततात, घेणारा पाणी वाढवतो, उरलेली मुळे कुजतात. मग तो म्हणतो, हे झाड आपल्या हवेला मानवत नाही. दोष हवेचा नसतो.

बियांपासूनचे रोप मात्र सहज मिळत नाही, आणि याचे कारण झाडाच्या स्वभावात आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते, त्यात अंकुराला पोसणारा अन्नसाठाच नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशी त्या बीजाला अन्न पुरवते तेव्हा कुठे हजारो बियांतून एखादे रुजते. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवून दिले की साखर आणि क्षार घातलेल्या आगारावर, निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवायही हे बी रुजवता येते. त्यानंतर १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांच्या कामामुळे वाढीच्या शेंड्यातून ऑर्किडच्या हुबेहूब प्रती काढण्याचा मार्ग खुला झाला. आज लग्नाच्या मांडवात आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षात दिसणारी फॅलेनॉप्सिस त्या वाटेने स्वस्त झाली. स्लिपर ऑर्किड त्या वाटेने आलेच नाही. मोठ्या झाडाचे शेंडे बाटलीत तगवून व्यापारी प्रमाणावर प्रती काढणे या वंशात अजून जमलेले नाही. त्यामुळे प्रत्येक रोप एकतर जुन्या झाडाचा तोडलेला फुटवा असतो, नाहीतर स्वतंत्र बी. बाटलीतून बाहेर आल्यावर फुलायला सोप्या संकरांना तीन ते पाच वर्षे लागतात, रॉथ्सचाइल्डियानमसारख्यांना त्याहून कितीतरी अधिक. नर्सरीवाला तेवढी वर्षे भाडे, वीज आणि पाणी भरतो. डोंगरातून काढणाऱ्याचा खर्च मात्र एका दिवसाच्या मजुरीचा. या दोन किमतींमधली दरी हीच या फुलावरच्या चोरीची खरी प्रेरणा आहे. धाडी आणि दंड लागतीलच, पण त्यांनी ही दरी बुजत नाही.

या चोरीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा आपल्याच देशात घडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खासी टेकड्या आणि सिल्हेटच्या बाजूने इन्सिग्ने आणि वेनुस्टम या जाती इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या काचघरांत ऑर्किडचे वेड पसरले. जोसेफ हूकर यांनी १८५४ च्या आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात खासी टेकड्यांतून निळ्या वांडाची सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे इंग्लंडातल्या क्यूच्या बागेसाठी नेल्याचे लिहून ठेवले आहे. हे शास्त्रज्ञाचे वजन, व्यापाऱ्यांचे वेगळे. १८५७ साली इंग्लंडात फुललेली फेअरियानम ही जाती पुढे लागवडीतून जवळजवळ संपली आणि ती मुळात कुठली हेही कोणाला सांगता येईना. सँडर या प्रसिद्ध व्यापाऱ्याने ती शोधणाऱ्याला हजार पौंडांचे बक्षीस लावले. १९०५ च्या सुमारास ती भूतानच्या बाजूला पुन्हा सापडली आणि लगेच पोत्यांनी भरून निघाली. दक्षिण भारतातली एकमेव स्लिपर ऑर्किड म्हणजे ड्रुरीआय. पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध गडद तपकिरी पट्टा असलेले हे फूल कर्नल ड्रुरी यांना १८६५ च्या सुमारास केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाई डोंगरांत दिसले. जगात ते दुसरीकडे कुठेही उगवत नाही. दीर्घकाळ ते नामशेष झाल्याचे मानले जात होते. १९७० च्या दशकात पुन्हा सापडले आणि बातमी फुटताच संग्राहकांनी त्या कातळांवरून ते खरवडून काढले. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला घडलेली ही गोष्ट आपल्याकडच्या निसर्गप्रेमींना फारशी माहीत नसते. आपल्या वाट्याच्या सह्याद्रीत हा वंश उगवत नाही, म्हणून असेल.

लागवडीने यात काही फरक पडतो का? पडतो, पण तो केव्हा पडतो आणि केव्हा पडत नाही हे पाहण्यासारखे आहे. व्हिएतनामची डेलेनाटी ही गुलाबी थैलीची सुवासिक जाती विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांच्या हाती लागली. जंगलातली जागा पुढे हरवली. त्यानंतर कितीतरी दशके जगभरच्या संग्रहांतली डेलेनाटीची रोपे फ्रान्समध्ये जगवलेल्या झाडाच्या बियांतूनच येत राहिली. १९९० च्या दशकात ती जंगलात पुन्हा सापडली तेव्हा व्यापाऱ्यांनी तिलाही उपटलेच, पण बागांमध्ये मुबलक असल्याने तिची किंमत कोसळून सामान्य झाली. पेरूमधले उदाहरण अधिक बोलके आहे. तिथे २००२ मध्ये कोवाचीआय हे तळहाताएवढ्या जांभळ्या-गुलाबी फुलाचे फ्रॅग्मिपेडियम, म्हणजे दक्षिण अमेरिकी स्लिपर ऑर्किड, जगासमोर आले. ते परवानगीशिवाय अमेरिकेत नेणारा माणूस आणि त्याला नाव देणारी फ्लोरिडातली वनस्पतीबाग या दोघांनाही न्यायालयात दोष कबूल करावा लागला. दरम्यान मूळ जागेवरची झाडे लुटली गेली. मग पेरू सरकारने देशातल्या नर्सरीला मोजकी रोपे बीजासाठी काढू दिली. त्यांच्या बियांची रोपे काही वर्षांत कागदपत्रांसह जगभर विकली जाऊ लागली आणि आज तिचे संकर हौशी माणसालाही मिळतात. याच्या नेमके उलट झाले व्हिएतनामेन्से या जातीचे. १९९९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, कायदेशीर रोपे बाजारात येण्याआधीच मागणी भडकली आणि काही वर्षांत ती जंगलातून जवळजवळ नाहीशी झाली. बंदी तेव्हाही होती. साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९८९ च्या परिषदेत पॅफिओपेडिलम हा सगळा वंश परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत, घातलेला होता. बंदी होती आणि बियांची रोपे नव्हती, अशा मधल्या काळातच सर्वाधिक नुकसान झाले, हे या तिन्ही उदाहरणांतून दिसते.

आता घरातल्या कुंडीकडे येऊ, कारण माझ्या युक्तिवादाचा अर्धा भाग तिथेच आहे. स्लिपर ऑर्किड कठीण असते ही समजूत मुख्यतः चुकीच्या जातीमुळे आणि चुकीच्या मातीमुळे झाली आहे. मातीत हे झाड लावायचेच नाही. शेणखत घातलेल्या बागेतल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, पहिल्या पावसात ती काळी पडतात. पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, थोडे पर्लाइट, ओलावा टिकवायला थोडे स्फॅग्नम मॉस किंवा चांगले धुऊन क्षार काढलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे असे मिश्रण हवे. ते वर्ष-दीड वर्षात कुजून बारीक होते, तेव्हा बदलावे लागते. बहुतेक घरांत झाड मरते ते इथे, कारण फूल येईपर्यंत कुंडीला हात लावू नये असा आपला ग्रह असतो. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढी लहान असावी. मोठ्या कुंडीतला मधला भाग सुकतच नाही. मिश्रण पूर्ण कोरडे होऊ द्यायचे नाही आणि चिंबही ठेवायचे नाही. पाणी घालायचे ते सकाळी, मुळाशी. संध्याकाळी पोंग्यात पाणी साचले की रात्रीतून जिवाणू लागतो आणि पुढच्या दोन दिवसांत पानांचा पंखा बुडातून निखळतो. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यायची, नाहीतर सतत भिजत राहून तोच प्रकार होतो.

दख्खनच्या पठारावरच्या शहरांत खरी अडचण पाण्याची असते. बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार मिश्रणात साचत जातात आणि पानांची टोके तपकिरी पडू लागतात. खत कमी पडले असे समजून लोक खत वाढवतात, म्हणजे क्षार आणखी वाढवतात. या झाडाला खत लागते ते फार थोडे, डब्यावरच्या मात्रेच्या चौथाईने, आणि अधूनमधून साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढली तर उत्तम. गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात साठवता आले तर अर्धे काम झाले. चुनखडकावर वाढणाऱ्या कॉन्कलर किंवा निव्हियमसारख्या जातींना कॅल्शियम आवडते, त्यांच्या मिश्रणात शिंपल्यांचा चुरा घालतात. पण कॅल्शियम आवडते म्हणजे बोअरचे खारट पाणी चालते असे नाही. उजेड मध्यम लागतो. पूर्वेची खिडकी, किंवा ग्रीन नेटखालची अशी जागा जिथे हाताची सावली पुसट पडते. पाने गडद हिरवी आणि लांब लोंबती झाली तर उजेड कमी आहे, पिवळट झाली तर जास्त. फूल आले की ते सहा-आठ आठवडे टिकते. त्या फुटव्याला पुन्हा फूल येत नाही. पुढचे फूल त्याच्या बुडातून येणाऱ्या नव्या फुटव्याला. म्हणून फुटवे वेगळे करून दोन-चार कुंड्या करण्याची घाई करू नये. गठ्ठा जितका मोठा तितकी फुले भरवशाची.

जात निवडणे म्हणजे आपल्या गावची रात्र पाहणे. इन्सिग्ने, व्हिलोसम, फेअरियानम या हिरव्या पानांच्या डोंगरी जातींना कळी धरण्यासाठी हिवाळ्यात गारवा लागतो. रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला तर त्यांना बरे. महाबळेश्वर, पाचगणीत आणि थोडी काळजी घेऊन पुण्यात व नाशिकात ते जमू शकते, उन्हाळ्याची दुपार सांभाळली तर. मुंबई, कोकण आणि गोव्यात त्या पाने देतील, फूल नाही. तिथे ठिपकेदार पानांच्या उष्ण हवेच्या जाती आणि त्यांचे संकर घ्यावेत. त्यांतला एक जुना आणि आजही सर्वांत सोपा म्हणजे १९०० साली नोंदवलेला मॉडी. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे त्याचे फूल दमट, उबदार खोलीत विनातक्रार येते. विदर्भातला उन्हाळा मात्र या फुलाला न पेलणारा आहे. पंचेचाळीस अंशांत कूलरच्या जोरावर ते जगवता येते, पण तो छंद राहत नाही, शुश्रूषा होते. तिथल्या माणसाने दुसरे ऑर्किड निवडावे असेच मी म्हणेन. हा सगळा तपशील इतक्या बारकाईने द्यायचे कारण असे की यातली प्रत्येक अट बाटलीतून आलेल्या रोपाला पाळता येते. त्याची मुळे शाबूत असतात, ते कुंडीतच वाढलेले असते, त्याची जात किंवा संकर कागदावर नोंदलेला असतो, त्यामुळे गारवा हवा की ऊब हे आधीच कळते. ‘जंगली पॅफ, फुलावर आलेले, रंग माहीत नाही’ अशा जाहिरातीतल्या रोपाबद्दल यातले काहीच ठाऊक नसते.

मग बाटलीतून आलेल्या रोपांना कायद्यात मोकळीक द्यावी, असे मी म्हणतो. यावर वनाधिकाऱ्यांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. नर्सरीतल्या रोपांना मोकळीक दिली की जंगलातली रोपे नर्सरीच्या पावतीवर विकली जातील. फुलाशिवाय जाती ओळखणे तज्ज्ञालाही अवघड, मग तपासनाक्यावरच्या शिपायाने काय करावे? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर झाडाच्या वयातच आहे. चोर नेहमी फुलण्याजोगा मोठा गठ्ठा काढतो. दोन बोटांएवढी रोपे कपारीत शोधत बसणे त्याला परवडत नाही, आणि बाटलीतले आगारवरचे रोप तर जंगलात असूच शकत नाही. म्हणून मोकळीक द्यायची ती बाटल्यांना आणि ठरावीक आकाराच्या आतल्या, ट्रेमधल्या एकसारख्या वयाच्या रोपांना. त्याहून मोठ्या झाडांना परवाना आजच्यासारखाच राहू दे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात साइट्सने हा भेद आधीच केला आहे. निर्जंतुक बाटलीत, कृत्रिम संवर्धनाने तयार झालेली रोपे परिशिष्ट एकमधली असूनही परवान्याच्या कचाट्यातून वगळली आहेत. आपल्या कायद्यातल्या लागवडीच्या तरतुदीत बाटलीतल्या रोपासाठी अशी सरळ वाट दिसत नाही. संकरांचा विचार तर आणखी सोपा. मॉडीचे एक पालक थायलंड-इंडोचीनमधले कॅलोसम, दुसरे बोर्निओचे लॉरेन्सियानम. ही दोन झाडे कोणत्याही जंगलात शेजारी उगवत नाहीत, म्हणजे हे फूल कुठूनही उपटलेले असण्याची शक्यताच नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा. संग्राहकाला हवे असते ते दुर्मीळच. स्वस्त संकर बाजारात आले म्हणून ड्रुरीआयचा लोभ सुटणार नाही, उलट छंद पसरून मागणी वाढेल. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुर्मीळतेचाच हव्यास असलेला एक छोटा वर्ग नेहमीच राहणार. त्याच्यासाठी कायदा, पहारा आणि शिक्षा हवीच, आणि ड्रुरीआयसारख्या जातींच्या नेमक्या जागा जाहीर न करण्याची शिस्त अभ्यासकांनीही पाळायला हवी. पण बाजार त्या वर्गावर चालत नाही. चालतो तो घरात एक वेगळे फूल असावे एवढीच इच्छा असलेल्या माणसांवर, आणि त्यांना जंगली-नर्सरी हा फरक समजावला तर ते सहसा ऐकतात, कारण जगणारे रोप त्यांनाही हवे असते. छंद वाढल्याने हानी वाढते हे चंदनाबाबतही बोलले जात होते. २००१ मध्ये कर्नाटकाने जमिनीतल्या चंदनावर मालकाचा हक्क मान्य केला आणि शेतकरी चंदन लावू लागले. त्याआधी स्वतःच्या बांधावर चंदन उगवले तर ते संकट वाटायचे. चोऱ्या थांबल्या असे कोणी म्हणणार नाही, पण निदान झाड लावणारा आणि तोडणारा एकाच तराजूत तोलला जात नाही. घरातल्या कुंडीने जंगल वाचते, असा दावा मात्र मी करणार नाही. मॉडीच्या हजार कुंड्यांनी अगस्त्यमलाईवर एकही ड्रुरीआय परत येत नाही. ते काम पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानासारख्या संस्थांचे आहे. त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे मूळ डोंगरावर परत लावण्याचे प्रयोग केले आहेत. छंदाकडून अपेक्षा इतकीच की त्याने त्या डोंगराकडे हात पसरू नये.

तिसरी गोष्ट ईशान्येतल्या माणसांची. मिझोराम, मेघालय, अरुणाचलात रोप काढून आणणाऱ्याला मिळतात फार थोडे पैसे, नफा वरच्या साखळीत राहतो. त्यालाच चोर ठरवून थांबणे सोपे आहे. खरे तर जगातल्या अनेक स्लिपर ऑर्किड संकरांची आईबापे ईशान्येतल्याच टेकड्यांतली आहेत. १८८४ मध्ये इंग्लंडात नोंदवलेला लीयानम हा संकर खासी टेकड्यांतल्या इन्सिग्ने आणि आसामातल्या स्पायसेरियानम यांचा. पुढचे जाड, गोलसर फुलांचे असंख्य संकर याच वंशावळीतून उतरले. शंभरहून अधिक वर्षे त्यांच्यावर युरोप-अमेरिकेच्या नर्सऱ्या चालल्या आणि आज भारतातला हौशी माणूस तीच फुले परदेशातून आणण्याची खटपट करतो. सिक्कीममधल्या पाक्योंगला राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे, अरुणाचलात टिपीला ऑर्किड संशोधन केंद्र आहे. रोपे बाटलीत वाढवण्याचे तंत्र देशात नवे नाही. या संस्थांनी बाटल्या तयार कराव्यात आणि रोपे वाढवून विकण्याचे परवाने खासी, मिझो, मोनपा गावांच्या सहकारी नर्सऱ्यांना आधी द्यावेत. मूळ झाड त्यांच्या डोंगरातले, म्हणून पहिला हक्कही त्यांचा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर राज्याच्या वन विभागाने मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत या यादीतल्या वनस्पतींच्या लागवडीचा परवाना कसा आणि किती दिवसांत मिळतो हे मराठीत, एका पानावर जाहीर केले तरी पुष्कळ. आज परवाना न घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो टाळलेला नसतो. असा काही परवाना आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

राहिला प्रश्न धीराचा. ट्रेमधले रोप घ्यायचे म्हणजे फुलासाठी तीन-चार वर्षे थांबायचे, आणि पुष्पप्रदर्शनातून उमललेले फूल घरी नेण्याची सवय असलेल्या ग्राहकाला ते पटेल का, असे नर्सरीवाले विचारतात. सगळ्यांना पटणार नाही. त्यांच्यासाठी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस आहेतच, स्वस्त, सुंदर आणि कायद्याच्या यादीबाहेरची. पण ज्याला स्लिपर ऑर्किडच हवे आहे, त्याने विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: संकराचे नोंदलेले नाव काय, रोप कोणत्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतून आले, आणि परवाना क्रमांक कुठला. तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, पाने जुनी, कीड लागलेली, शेवाळ धरलेली दिसली आणि भाव मात्र अगदी उतरलेला असेल, तर ती कुंडी तिथेच ठेवून पुढे जावे.